२५ हजारांत सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार: आधी नेक, मग नाव

दोन वर्षं अकूस्टिक वाजवून झाली, कॉलेजच्या बँडसाठी आता इलेक्ट्रिक हवी आणि घरून सगळे मिळून २५ हजार मंजूर झालेत. नाशिकमधल्या चार जाहिराती तू हेरून ठेवल्यायस: ११ हजारांची स्क्वायर बुलेट स्ट्रॅट, १७ हजारांची यामाहा पॅसिफिका ११२, १९ हजारांची फ्लॉइड रोझवाली आयबानेझ आणि १८ हजारांची ‘ओरिजिनल गिब्सन लेस पॉल’. यातली कुठली घेऊ, असं विचारलंस.

पॅसिफिका घे, नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, ठीक असेल तर. ती हुकली तर बुलेट. आयबानेझ सध्या नको. गिब्सन बघायला जाण्यात पेट्रोलसुद्धा घालवू नकोस. आता कारणं सांगतो, कारण पॅसिफिका उद्या दुसऱ्यानं उचलली तर पाचवी जाहिरात तुझी तुलाच जोखावी लागेल.

आधी पैशांचं बोलू. २५ हजार हे गिटारचं बजेट नाही, सगळ्या संसाराचं आहे. अकूस्टिकचा आवाज तिच्या पोटातून येतो. इलेक्ट्रिकचा निम्मा आवाज तो मोठा करणाऱ्या पेटीतून, म्हणजे अ‍ॅम्पमधून येतो. गिटारला १५ ते १७, आवाजाच्या व्यवस्थेला पाचसहा, आणि बरी केबल, पट्टा, तारांचे दोन सेट, सेटअप (गिटारची बारीक जुळवणी) यांना उरलेले, अशी वाटणी मी करीन. मुलं बावीस हजार गिटारवर घालतात आणि मग कुठलातरी डबा अ‍ॅम्प घेऊन ‘माझ्या गिटारचा टोन नाही’ म्हणून माझ्याकडे येतात. तू फ्लॅटमध्ये राहतोस आणि बँडमध्ये वाजवणार आहेस, म्हणून मी तुला अ‍ॅम्पऐवजी झूम कंपनीसारखा छोटा सेकंडहँड प्रोसेसर (गिटारच्या आवाजाला रंग देणारा डबा) सुचवीन. घरी हेडफोन लावायचा, कॉलेजात थेट मिक्सरला जोडायचा. दहा वॅटचा अ‍ॅम्प ड्रमपुढे ऐकूच येत नाही, तो विकत घेऊन तू सहा महिन्यांत परत विकशील. अ‍ॅम्पच घ्यायचा तर रोलंड क्यूब किंवा बॉस कटाना बऱ्या अवस्थेत आणि परवडणाऱ्या भावात मिळाली तर गोष्ट वेगळी, पण तिची वाट बघत बसू नकोस.

गिटार कोण विकतंय हे फोनवरच विचारून घे. त्यावरून गिटारला काय दुखणं असेल याचा अर्धा अंदाज येतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या गिटारी मे-जूनमध्ये बाजारात येतात. फायनल इयर संपलेलं असतं, सामान आवरायचं असतं. या गिटारी फारशा वाजलेल्या नसतात. तारा गंजलेल्या, पॉटमध्ये (नॉबखालच्या भागात) धूळ, पण फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ कोरे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेल्या आणि कपाटावर ठेवलेल्या गिटारींचंही तसंच. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याची गिटार मात्र वेगळी. ती रात्ररात्र वाजलेली असते, घामानं ब्रिजचे (बॉडीवर तारा धरणाऱ्या भागाचे) स्क्रू गंजलेले असतात, पहिल्या तीनचार फ्रेटना खाचा पडलेल्या असतात. पण वायरिंग सहसा चोख असतं, कारण स्टेजवर आवाज गेला तर त्याचं मानधन जातं. चर्चमध्ये वाजवणाऱ्यांच्या गिटारी मला बहुधा सगळ्यात नीट ठेवलेल्या दिसल्या आहेत. आणि जो ‘मला यातलं काही कळत नाही, भाच्याची आहे’ म्हणतो, त्याला भाच्याचा नंबर माग.

आता नेक. जुन्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) बदलता येतो, पॉट-स्विच बदलता येतात, ट्यूनर (तारा आवळायच्या खुंट्या) बदलता येतात, रंग उडाला तर फरक पडत नाही. नेक खराब निघाला तर या किमतीच्या गिटारमध्ये दुरुस्तीला अर्थ उरत नाही. म्हणून तिथं पोचल्यावर पहिली दहा मिनिटं अ‍ॅम्प लावूच नकोस. विकणारा ‘वाजवून तर बघ’ म्हणेल, डिस्टॉर्शन लावून देईल. त्याला म्हणावं, वाजवतो, थांबा.

आधी गिटार सुरात लाव, कारण तारा ढिल्या असतील तर नेक खरा आकार दाखवत नाही. मग वाजवतो तशीच आडवी धर. जाड तार डाव्या हातानं पहिल्या फ्रेटवर दाब आणि उजव्या हातानं नेक बॉडीला जिथं जुळतो त्या फ्रेटवर. ताणलेली तार ही आता तुझी पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेच्या मध्ये किती फट आहे ते बघ. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे दोनतीन पदर जेमतेम सरकले की नेक उत्तम. फटच नसेल तर नेक अगदी सरळ आहे किंवा मागे वाकलाय. एक मिलिमीटरभर फट असेल तर पुढे वाकलाय. या दोन्ही गोष्टी ट्रस रॉडनं, म्हणजे नेकच्या आतल्या आवळता येणाऱ्या सळईनं, सुटू शकतात, म्हणून घाबरू नकोस. पण ट्रस रॉड चालतो का ते तिथंच बघून घे. मालकाला सांगून, बरोबर मापाची चावी लावून, पाव वळसा फिरव. घट्ट करताना थोडा विरोध जाणवून फिरला तर ठीक. रॉडच्या नटाचे कोपरे झिजून चावी गरगर फिरत असेल, किंवा रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असून नेक अजून वाकलेलाच असेल, तर नमस्कार करून निघ. मालक चावी लावूच देत नसेल तर त्या भीतीचा भाव किमतीतून कापून घे, किंवा सोडून दे.

मग बॉडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघ. दोन्ही कडांचा बाक सारखा दिसला पाहिजे. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी म्हणजे नेकला पीळ पडलाय, आणि ट्रस रॉड पीळ काढत नाही. इथं वाटाघाटच करू नकोस.

तिसरी परीक्षा वाजवून, पण अ‍ॅम्पशिवाय. सगळ्यात बारीक तारेवर बाराव्या फ्रेटपासून सतराव्यापर्यंत एकेका फ्रेटवर पूर्ण स्वराचं बेंड कर (तार ओढून स्वर चढव). स्वर मध्येच गुदमरून मेला तर पुढचे फ्रेट उंच आहेत किंवा नेकचं शेवटचं टोक वर उठलंय. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटवरची उंची) खूप खाली ठेवल्यामुळंही असं होतं, त्यामुळं बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोज: बारीक तारेखाली दीड, जाड तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असून स्वर मरत असेल तर दोष फ्रेटचा. फ्रेट लेव्हल करून (घासून एका उंचीत आणून) हे सुटतं, पण त्यासाठी फ्रेटमध्ये उंची शिल्लक पाहिजे. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक दोन तारांखाली बोटाचं नख फिरव. नुसती रेघ लागली तर चालेल. नख अडकेल अशी खाच असेल तर लेव्हलिंगचे पैसे किमतीतून वजा कर. फ्रेट सपाट होऊन पट्टीसारखे दिसत असतील तर नवे फ्रेट बसवावे लागतील, आणि ते काम या किमतीच्या गिटारला झेपत नाही.

नाशिकची हवा इथं हिशेबात धरायला लागते, आणि ही गोष्ट परदेशी व्हिडिओ तुला सांगणार नाहीत. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची धातू आकसत नाही, मग फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात. विकणारा ओशाळतो, घेणारा पळतो. खरं तर बारीक कानस घेऊन अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. तू न पळता हजारभर रुपये कमी करून घे. पावसाळ्यात उलटं होतं: लाकूड ओल धरतं, नेक पुढे झुकतो, अ‍ॅक्शन वर येते, पॉट खरखरतात. जुलैमध्ये बघितलेली गिटार वाजवायला जड वाटली म्हणून लगेच नाकारू नकोस, वरची कागदाची परीक्षा कर आणि ठरव. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात झळकायला लागतो त्या दिवसांत, हवा पुन्हा कोरडी होते आणि ऑगस्टमध्ये छान सेट केलेली गिटार बझ मारायला (तार फ्रेटला लागून करकरायला) लागते. वर्षातून दोनदा ट्रस रॉड किंचित हलवावा लागणं हे आपल्याकडे दुखणं धरत नाहीत.

म्हणूनच मुंबईहून गिटार आणणाऱ्यांना मी एक सांगतो. समुद्राकाठच्या दमट हवेत वर्षं काढलेली गिटार कसारा घाट चढून इथं आली की पुढचे दोनतीन आठवडे सुकत राहते. आल्या दिवशी सेटअप करून घेतलास तर पंधरा दिवसांत पुन्हा करावा लागेल. तिला आधी घरात राहू दे. आणि प्रवासात गाडीच्या बंद डिकीत उन्हात ठेवू नकोस.

इलेक्ट्रिक भागाला आता अ‍ॅम्प लाव. स्वतःची चांगली केबल घेऊन जा, नाहीतर खराब केबलचा दोष गिटारवर जाईल, किंवा गिटारचा दोष ‘केबलमुळे होतंय’ म्हणून झाकला जाईल. स्विचची प्रत्येक जागा, प्रत्येक नॉब शून्यापासून दहापर्यंत, जॅकमध्ये प्लग जरा हलवून. नॉब फिरवताना खर्रर होणं म्हणजे धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं काम. एखाद्या जागेवर आवाजच नाही तर पिकअप मेलाय की वायर सुटलीय हे कळायला हवं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा मल्टिमीटर घेऊन जा. केबल गिटारला लाव, व्हॉल्यूम पूर्ण वर, आणि केबलच्या दुसऱ्या प्लगचं टोक व दांडा यांवर मीटरच्या पिना ठेव. सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा पिकअप) साधारण साडेपाच ते सात किलोओम दाखवतो, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) सात-आठच्या पुढे. मीटर एकदम २५० किंवा ५०० किलोओमच्या आसपास गेला तर तो फक्त व्हॉल्यूमचा पॉट मोजतोय, पिकअपची तार कुठंतरी तुटली आहे. फार जणांना ही युक्ती ठाऊक नसते आणि मीटर बाहेर काढला की विकणाऱ्याचा सूरच बदलतो.

गुणगुणीचं काय? सिंगल कॉइल थोडी गुणगुणणारच, तिचा तो स्वभाव आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ग्राउंड ठीक. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजला जाणारी ग्राउंडची वायर सुटलेली असू शकते, पाच मिनिटांचं सोल्डरिंग. हात लावल्यावर वाढली तर वायरिंग कुणीतरी उलटसुलट केलंय. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथंच बंद कर, अ‍ॅम्पचा प्लग काढ. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि कित्येक जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेला अर्थिंग नसतंच. दोष गिटारचा नसेलही, पण जीव तुझा आहे. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन कापणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस.

आता तुझ्या चार जाहिराती. गिब्सनपासून सुरू करतो कारण ते लवकर संपेल. खरी गिब्सन लेस पॉल अमेरिकेत बनते आणि आपल्याकडे जुनी घ्यायची तरी लाखाच्या गोष्टी होतात. १८ हजारांत मिळते ती नक्कल. फोटो नीट बघ: हेडस्टॉकवरच्या (नेकच्या वरच्या टोकावरच्या) ट्रस रॉडच्या झाकणाला गिब्सनमध्ये दोन स्क्रू असतात, नकलांमध्ये बरेचदा तीन. लेस पॉलचा नेक चिकटवलेला असतो. मागे चार स्क्रूंची पट्टी दिसली तर विषय संपला. दिसायला देखणी असेल, पण अशा गिटारींत ट्रस रॉड अनेकदा नावालाच असतो. लेस पॉलचाच आकार आवडत असेल तर एपिफोन शोध, ती गिब्सनचंच भावंड आहे. तिच्या सीरियल नंबरचे पहिले चार आकडे बहुतेक नव्या मॉडेलांवर साल आणि महिना सांगतात. मात्र तिचा हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि पडली की नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे मोडतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून तिथं बारीक तडा किंवा रंगाचा फरक आहे का बघ. नीट चिकटवलेला मोडका हेडस्टॉक वर्षानुवर्षं टिकतो, पण भाव निम्म्याच्या जवळ यायला पाहिजे.

आयबानेझला मी नाव ठेवत नाही. नेक बारीक, हात झरझर पळतो. अडचण फ्लॉइड रोझची आहे. हा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो, एका तारेचा ताण बदलला की बाकी पाच हलतात. तुमचा गायक ऐन वेळी ‘अर्धा सूर खाली घेऊ या’ म्हणेल आणि तू स्टेजवर अ‍ॅलन की घेऊन बसशील. त्यात स्वस्त लायसन्स्ड (परवान्यावर दुसऱ्यांनी बनवलेल्या) फ्लॉइडच्या चाकूसारख्या कडा झिजलेल्या असल्या तर ब्रिजचा दांडा (बार) दाबल्यावर गिटार सुरात परत येतच नाही, आणि जुन्यात त्या झिजलेल्याच असतात. मेटल वाजवायचं ठरलं तर दोन वर्षांनी घे. आज आयबानेझच हवी असेल तर साध्या, न हलणाऱ्या ब्रिजची शोध. इंडोनेशियात बनलेल्या कित्येक आयबानेझचा नंबर ‘आय’ अक्षरानं सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे सालाचे असतात. ‘एकच वर्ष वापरली’ असं कुणी म्हणालं की तो नंबर बघ.

बुलेट ही स्क्वायरची सगळ्यात खालची पायरी होती. २०२३मध्ये तिची जागा सॉनिकनं घेतली. बॉडी पातळ, पॉट हलके, ट्रेमोलोला (हलणाऱ्या ब्रिजला) हात लावला की सूर जातो. मागचं झाकण उघडून स्प्रिंगांची पट्टी आवळून ट्रेमोलो बॉडीला टेकवून टाकला की निम्मी तक्रार मिटते. नेक मात्र कित्येकदा किमतीच्या मानानं फार छान निघतो. ११ हजार जास्त आहेत. नऊच्या खाली आली आणि नेक पास झाला तर वाईट सौदा नाही, उरलेले पैसे आवाजाकडे वळव.

पॅसिफिका १९९०पासून बनतेय. ११२मध्ये आल्डर लाकडाची बॉडी, मेपलचा नेक, २२ फ्रेट, दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजजवळ एक हंबकर. तुमच्या बँडला हेच सोयीचं: हिंदी-मराठी गाण्यांच्या स्वच्छ कॉर्डना सिंगल कॉइल, रॉकला हंबकर. ११२चीच दोन रूपं बाजारात जास्त दिसतात, ‘जे’ आणि ‘व्ही’. ‘व्ही’चा टोनचा नॉब वर ओढता येतो आणि हंबकर सिंगल कॉइलसारखा वाजायला लागतो, ‘जे’मध्ये ही सोय नाही. विकणाऱ्याला फोनवरच विचार की नॉब ओढला जातो का. ‘व्ही’ असेल तर १७ वाजवी, ‘जे’ असेल तर १४-१५ च्या वर जाऊ नकोस. ०१२ असेल तर ती वेगळीच, खालची गिटार; ११२च्या भावात कुणी खपवत नाही ना ते बघ.

भावाचा माझा ठोकताळा असा: आज नवी कितीला मिळते ते बघायचं, चांगल्या अवस्थेतल्या जुनीला त्याच्या ५५ ते ६५ टक्के. त्यातून तारा, सेटअप आणि दिसलेल्या दोषांचे पैसे वजा. मालकानं महागडा पिकअप घातला असेल तर त्याचे पैसे तू देणं लागत नाहीस. मूळ पिकअप मात्र मागून घे. बिल आणि मूळ कव्हर असेल तर पाचशे-हजार जास्त द्यायला हरकत नाही. नाशकात मनासारखी नाहीच मिळाली तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण आधी विकणाऱ्याकडून कागदाच्या परीक्षेचा आणि बेंडिंगचा व्हिडिओ मागव. जो व्हिडिओ पाठवायला टाळाटाळ करतो त्याच्यासाठी तिकीट काढू नकोस. आगाऊ पैसे तर कुणालाच नाहीत, ‘आर्मीत आहे, बदली झालीय, कुरिअर करतो’ म्हणणाऱ्याला मुळीच नाहीत.

गिटार घरी आली की ९-४२ जाडीच्या नव्या तारा चढव आणि मगच इंटोनेशनबद्दल (वरच्या फ्रेटवर स्वर सुरात लागतो का याबद्दल) मत बनव. जुन्या तारांवर बाराव्या फ्रेटचा स्वर चांगल्या गिटारवरही बेसूर येतो. सेटअप पहिल्यांदा जाणत्याकडून करून घे, पण शेजारी बसून बघ.

पॅसिफिकावाल्याला आजच फोन कर, कारण ११२ नाशकात फार दिवस पडून राहत नाही. दिवसाउजेडी भेटायचं ठरव, बरोबर केबल, मीटर, कागद, सहा इंची पट्टी, चाव्यांचा सेट आणि बँडमधला एखादा मित्र असू दे. मित्राला आधीच सांगून ठेव की गिटार हातात आल्यावर ‘वा, काय भारी आहे’ असं मोठ्यानं म्हणायचं नाही.